तांबडीच्या पंखाखालचे फेजंट

मी आखाती देशातल्या झल्लाकच्या शेतावरची तांबडी कोंबडी बोलतेय. माझी पिसं आता विरळ झालीत, अंडी तर कधीचीच थांबली. तरी कांताबाई रोज सकाळी माझ्यापुढे मूठभर दाणे टाकते. त्या दाण्यांना जागून एक गोष्ट सांगते. ती आठवली की अजून माझ्या पाठीवरची पिसं उभी राहतात.

शहाण्णव साली केशवरावांनी मला मनामाच्या बाजारातून पिशवीत घालून आणलं. ते अरबाबच्या, म्हणजे इथल्या मालकाच्या, शेतावर पंप आणि जनरेटर सांभाळायचे. बायको कांता आणि मुलगी श्रावस्ती, एवढंच त्यांचं घर. खजुरांच्या मागे दोन खोल्या. वाशीमकडची कांताबाई मोठी श्रद्धाळू. पहाटे वंदना झाल्याशिवाय चूल नाही. पौर्णिमेला पांढरी साडी नेसायची आणि दुपारनंतर अन्नाला शिवायची नाही.

पुढच्या फेब्रुवारीत मी खुडूक झाले. नेमका तेव्हाच शब्बीर टोपली घेऊन दारात आला. अरबाबचे शिकारी ससाणे तो सांभाळायचा.

"बहनजी, विलायती परिंदे के अंडे हैं. फेजंट. मशीन में खराब होते हैं. आपकी मुर्गी बैठेगी?"

"बैठेगी की," कांताबाई म्हणाली. कशासाठी, ते तिने विचारलं नाही. मीही विचारलं नाही. बारा अंडी होती, शेवाळी रंगाची. मी पंख पसरले आणि बसले.

आमचं व्रत एकवीस दिवसांचं असतं. एकवीस झाले, बावीस झाले. अंडी गप्पच.

"फेकून दे ना मंग," केशवराव म्हणाले.

"थांबा जी. तिनं आसन सोडलं नाही, तर म्या काहून उठवू तिले?"

चोविसाव्या दिवशी कवचं तडकली आणि माझ्याखालून नऊ पट्टेरी जीव बाहेर आले. मी चक्रावलेच. ही पिल्लं माझ्यासारखी कलकलाट करत नव्हती. वरून सावली गेली की जमिनीला चिकटून दगड व्हायची. आणि दोन आठवड्यांची झाली नाहीत, तोच भुर्रकन भिंतीवर! माझ्या कुळात असला आगाऊपणा कुणी केला नव्हता.

अरबाबने त्यांच्यासाठी उंच, लांबलचक जाळी उभारून दिली. उन्हाळाभर कांताबाई जाळीवर ओली पोती टाकायची, भिजवलेली मसूर हातावर धरायची. त्यांच्यातल्या कोंबड्यांच्या अंगावर तांब्याची झळाळी आली, माना हिरव्या झाल्या, शेपट्या हातभर लांबल्या. तरी ते तिच्या मांडीवर चढून बसायचे.

"आई, दे थिंक यू आर देअर मदर," श्रावस्ती म्हणायची.

"अन् ही तांबडी कोण मंग?"

"शी इज द बस!"

लहानपणी ही पिल्लं माझ्या पाठीवर बसून फिरायची ना, म्हणून. मी रागावले नाही.

आषाढ पौर्णिमेला कांताबाईने वर्षावासाचं व्रत धरलं. तीन महिने तोंडातून कडू शब्द काढायचा नाही. "तीन महिने माझी चंगळ," केशवराव हसले. तीही हसली.

व्रताचे थोडे दिवस उरले होते. एका शुक्रवारी अरबाब हातावर ससाणा घेऊन आला. शब्बीर म्हणाला, "बहनजी, एक निकालिए. आपके ही हाथ में आते हैं." पाहुण्यांना पक्षी दाखवायचा असेल, असं तिला वाटलं. एका कोंबड्याला तिने काखेत धरून आणलं, मान कुरवाळली आणि खाली ठेवलं.

शब्बीरने ससाण्याच्या डोळ्यांवरची टोपी काढली.

आमचा कोंबडा उडाला नाही. तो वळला, तुरुतुरु कांताबाईकडे परत आला आणि तिच्या जोडव्यांना चोच मारायला लागला. वरून ससाणा कोसळला. ओलं धुणं दगडावर आपटावं तसा आवाज झाला. तांब्याची पिसं तिच्या पावलांवर पडली.

कांताबाईचा काखेत पक्षी धरलेला हात तसाच वाकडा राहिला होता, रिकामा.

"मुर्गी बना दिया!" अरबाब वैतागला. "अगले जुमे को उड़ना मंगता."

तो गेल्यावर केशवरावांनी तिला हाताला धरून ओट्यावर बसवलं. "दार उघडं टाकू. जाळी फाटली म्हणून सांगू."

"पक्षी आपले हाये का? न दिलेलं घ्यायचं नाही, असं पंचशीलात म्हणते मी रोज. वरून खोटं बोलायचं?"

"अन् माझी नोकरी, व्हिसा त्याच्याच हातात. तोंडावर नाही म्हणता येते का?"

तिने शब्बीरला गाठलं आणि विचारलं, "जो उड़ गया, उसका क्या?"

"निकल गया तो निकल गया, बहनजी. उसके पीछे अरबाब दोबारा बाज़ नहीं छोड़ता. उसूल है."

दुसऱ्या दिवशी मी जे पाहिलं, त्याने माझं काळीज हललं. कांताबाई स्टीलचं ताट आणि उलथनं घेऊन जाळीत शिरली. पिल्लं मसुरीच्या आशेने धावत आली. तिने ताटावर दणादण घाव घातले! पदर झटकला, त्यांच्या अंगावर धावली. ती बिचारी भेलकांडली, जाळीवर आपटली. मी पंख फुलवून तिच्या पायाला टोचलं. पहिल्यांदाच. तिने मला हळूच बाजूला केलं आणि पुन्हा ताट बडवलं. डोळ्यांतून धारा, पण तोंडातून एक वाईट शब्द नाही.

"वेडी झाली का तू?" केशवराव धावत आले.

"मायेनं मारला मी त्याले," ती धापा टाकत म्हणाली. "आता बाकीच्यायले भेव शिकवू द्या."

रोज सकाळ-संध्याकाळ हेच. पाचव्या दिवशी ती जाळीशी आली की आठही पक्षी बाणासारखे वर सुटायचे. त्या संध्याकाळी ती माझ्याजवळ बसली, पण मला हात लावायचं धाडस तिला झालं नाही.

शुक्रवारी शब्बीर एकेक पक्षी दारातून सोडत होता आणि ताट कांताबाईच वाजवत होती. ते काम तिने मागून घेतलं होतं. पहिला ससाण्याने पाडला. दुसरा खजुरांवरून पार गेला. तिसरा पडला. मग दोन सुटले. मग एक पडला. शेवटचे दोघे, एकामागून एक, भिंत ओलांडून दिसेनासे झाले. ससाणा दमून वाळूत बसला. अरबाब खूश झाला, "वल्ला!" म्हणाला. कांताबाईने ताट खाली ठेवलं. पडलेल्या तिघांची पिसं तिने वेचली आणि खजुराच्या मुळाशी पुरली.

डिसेंबरात श्रावस्ती ओरडली, "आई, लुक! ऑन द वॉल!" लसूणघासाच्या वाफ्यापलीकडे भिंतीवर लांब शेपूट उन्हात चमकत होती. कांताबाई नुसती दोन पावलं पुढे झाली. त्याने तिला पाहिलं आणि फडफडाट करत जीव घेऊन पळाला.

"ही गॉट स्केअर्ड ऑफ यू," श्रावस्ती हिरमुसली.

"हो न वं," कांताबाई म्हणाली, आणि किती दिवसांनी तिचा चेहरा उजळला. "केवढा भ्याला मले!"

मी आता थकले. माझं एवढंच मागणं आहे. झल्लाकच्या बाजूला कधी असा पक्षी तुम्हाला दिसला, तर दाणे दाखवून त्याला जवळ बोलावू नका. त्याला तुमची भीती वाटू द्या. ती त्याला एका आईने दिली आहे.