मो बाईंची शेजारीण

ट्युनिसियातल्या स्फाक्स शहरात चीन सरकारच्या खर्चानं चालणाऱ्या चिनी भाषेच्या वर्गात मो यूल्यान शिकवत होती. नव्या वर्षाचे डंपलिंग कसे वळायचे हे ती त्या दिवशी दाखवत होती. "चीनमध्ये घरोघरी हेच करतात," असं तिनं ठोकून दिलं, आणि नेमका आईचा व्हिडिओ कॉल आला.

"उचला ना बाई," वर्गातली खदूजा म्हणाली. "आमच्याशीही बोलू द्या."

उचलावाच लागला. आई आपल्या दक्षिणेकडच्या बोलीत सुरू झाली, "अगं, हे काय वळत बसलीयस? आपल्याकडं कुणी खातं का हे?"

वर्गाला एक अक्षर कळेना. "बाई, हे चिनी आहे? कोण आहेत या?"

यूल्यानचे कान तापले. "आमची शेजारीण. अडाणी आहे," ती शुद्ध चिनीत म्हणाली आणि तिनं फोन कापला.

आईला शुद्ध चिनी बोलता येत नसलं तरी टीव्ही बघून सगळं कळतं, हे तिला मग आठवलं.

सकाळी आईचा आवाजी निरोप आला. घोकून पाठ केलेलं शुद्ध चिनी, तेही अडखळत.

"मुलांनो, नमस्कार. मी मो बाईंची शेजारीण."