गोठ्याच्या भिंतीचा आवाज

एकोणीसशे छप्पन सालच्या फेब्रुवारीत अशी थंडी पडली होती की रानातली झाडं तडतड वाजत होती. त्या थंडीत एड्ला ब्योर्केल नवऱ्याबरोबर आणि म्हाताऱ्या सासूबरोबर बर्फावरच्या घोडागाडीत बसून स्वतःच्या घरी निघाली होती. घर जागेवर नाही, हे तिला मनोमन ठाऊक होतं. सासूला ते ठाऊक नाही, हा तिचा खरा घोर होता.

चव्वेचाळीसच्या सप्टेंबरात फिनलंडने रशियाशी तह केला आणि लढाई थांबली. पण त्या तहात हेलसिंकीच्या पश्चिमेचा पोर्काला नावाचा किनारा रशियाच्या आरमाराला पन्नास वर्षांच्या भाड्याने गेला. ब्योर्केलांचं आल्बाका गाव त्यातच होतं. दहा दिवसांत सगळं रिकामं करा, असा हुकूम आला. लोकांनी बटाटे उपसले, गायी रस्त्याने हाकल्या, खिडक्यांच्या काचासुद्धा काढून नेल्या. एड्लाची सासू सेराफिना मात्र शेवटच्या सकाळी बर्च झाडाच्या काड्यांचा झाडू घेऊन घर झाडत बसली. मुलगा अर्विद दारातून ओरडला, "आई, अगं आता कुणासाठी झाडतेस? रशियनांसाठी?"

"रशियन येवोत नाहीतर अस्वलं येवोत," सेराफिना म्हणाली. "घाण घर मागे टाकून मी जायची नाही."

मग तिने झाडू गाडीत टाकला आणि मागे वळून पाहिलं नाही.

हद्दीच्या पलीकडे कारिसजवळ अर्विदच्या चुलतभावाची जमीन होती, ती त्यांनी कसायला घेतली. गायी त्याच, बटाटे तेच, पण जमीन दुसऱ्याची. हेलसिंकीला जाणारी आगगाडी मात्र थोड्या वर्षांनी पुन्हा पोर्कालामधूनच सुरू झाली. तिची तऱ्हा अशी, की हद्दीच्या स्टेशनवर माणसं येऊन बाहेरून प्रत्येक खिडकीवर लाकडी फळ्या ठोकायची, पुढे रशियन इंजिन जोडलं जायचं, डब्यात शिपाई उभा राहायचा आणि पुढचा सगळा प्रवास अंधारात. जगातला सगळ्यात लांब बोगदा, असं लोक हसून म्हणायचे. बावन्न साली हेलसिंकीत ऑलिंपिक झालं, तेव्हा लांबलांबच्या देशांचे पाहुणे या बोगद्यातून गेले आणि घरी जाऊन त्यांनी गमतीने सांगितलंही असेल. एड्लाला मात्र त्यात कधी गंमत वाटली नाही. तो बोगदा तिच्या अंगणातून जात होता.

तिची धाकटी बहीण हुल्दा हेलसिंकीला एका बेकरीत कामाला होती. तिच्याकडे एड्ला वर्षातून चार-दोनदा जायची. पहिल्याच खेपेला तिच्या लक्षात आलं, की डोळ्यांना दिसत नसलं तरी कान उघडे आहेत. ओढ्यावरचा लोखंडी पूल लागला की चाकं पोकळ वाजायची. मग वळण यायचं, सगळा डबा उजवीकडे कलायचा. आणि वळण संपता संपता, शेजारच्या खोलीत कुणी जोरात दार आपटावं तसा एक ठोका यायचा. तो त्यांच्या गोठ्याच्या भिंतीचा. सासऱ्याने, गुस्ताफने, तो गोठा दगडात बांधला होता, रुळांना अगदी खेटून. रेल्वेवाले नको म्हणत होते. "जमीन घेतलीत, आता गोठ्याची जागाही तुम्हीच सांगणार का?" असं म्हणून त्याने बांधला. तेव्हा सेराफिनाने स्वतः चुन्याच्या बादल्या वाहिल्या होत्या. गाडीचा आवाज त्या भिंतीवर आपटून परत यायचा आणि घरातल्या कपबशा किणकिणायच्या.

एड्लाने त्या पहिल्या खेपेला घरी येऊन सांगितलं, "आई, आपली भिंत उभी आहे. मी ऐकली."

तेव्हापासून ती हेलसिंकीहून परतली, की सेराफिना बाकी काही विचारायची नाही. हुल्दा कशी आहे, कॉफी मिळाली का, काही नाही. एड्ला शाल काढायच्या आत एकच प्रश्न. "आली का?"

"आली."

"गुस्ताफने काही कच्चं काम केलं नाही हो," असं म्हणून म्हातारी दोन दिवस चांगली जेवायची.

एक्कावन्नच्या शरदात भिंत आली नाही. पूल वाजला, डबा कलला, एड्लाच्या हातातल्या विणायच्या सुया थांबल्या, आणि गाडी नुसती सळसळत पुढे निघून गेली. उघड्या रानातून जावी तशी. परतीच्या वाटेवर ती पुन्हा कान टवकारून बसली. काही नाही. भिंत गेली म्हणजे गोठा गेला, गोठा गेला म्हणजे त्याच्या मागचं लाकडी घर तर कधीच सरपणात गेलं असणार. शिपायांना चुली पेटवायला लाकूड लागतंच.

घरी सेराफिना दारातच उभी होती. "आली का?"

"आली," एड्ला म्हणाली, आणि शाल काढायच्या निमित्ताने पाठ फिरवली.

एकदा आली म्हटल्यावर पुढच्या खेपेला नाही कसं म्हणणार? ती दर वेळी आली म्हणत राहिली. अर्विदलाही तिने सांगितलं नाही. त्याच्या पोटात काही राहत नसे, आणि आईसमोर तर मुळीच नाही. हुल्दाला तेवढं सांगितलं. हुल्दा पीठभरल्या हातांनी कपाळ पुसत म्हणाली, "अगं वेडे, म्हातारी ऐंशीच्या घरात आहे. ते भाडं संपायचं तेव्हा ती एकशे तीस वर्षांची असेल. म्हण बिनधास्त आली."

त्रेपन्न साली तर म्हातारी स्वतःच गाडीत बसली. डोळ्यात मोती आला होता, हेलसिंकीच्या डॉक्टरला दाखवायचं होतं. एड्लाला रात्रभर झोप नाही. फळ्या ठोकल्या गेल्या, दिवा मिणमिणायला लागला, दाराशी एक शिपाई येऊन उभा राहिला. पूल वाजला. डबा कलला. आणि मग तीच सळसळ. एड्लाच्या हातातल्या सुया थांबल्या.

तेवढ्यात सेराफिनाने तिच्या गुडघ्यावर थाप मारली आणि सगळ्या डब्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "आली बघ आपली भिंत!"

शिपाई चमकून बघायला लागला. एड्ला घाईघाईने म्हणाली, "हो आई, आली." बिचारीचे डोळे गेलेच होते, आता कानही गेले, असं तिच्या मनात आलं, आणि त्या अंधारात तिला थोडं बरंसुद्धा वाटलं.

पंचावन्नच्या सप्टेंबरात रेडिओवर बातमी आली. पन्नास वर्षं कशाला, अकराच वर्षांत रशिया पोर्काला परत देत होता. कारिसच्या चर्चमध्ये घंटा वाजली. अर्विद, जो बापाच्या दफनालाही रडला नव्हता, तो गोठ्यात जाऊन गायीच्या गळ्यात पडून रडला. सेराफिनाने सगळ्यांना वेलदोडा घातलेला गोड पाव वाटला. एड्लाने मात्र आपला पाव तसाच बाजूला ठेवला.

अर्विद म्हणाला, "तिथे काही उभं असेल तर परत जायचं. नसेल, तर ही जमीन चुलतभाऊ आपल्याला विकायला तयार आहे. माझ्या वयाला रिकाम्या माळावर घर बांधणं झेपणार नाही."

"नसेल कसं?" सेराफिना म्हणाली. "एड्ला दर खेपेला ऐकते ना. विचार तिला."

"उभं आहे ना ग?" अर्विदने विचारलं.

"भिंतीचा आवाज यायचा," एड्ला म्हणाली. त्यात यायचा हा शब्द तेवढा खरा होता.

आत जायची परवानगी फेब्रुवारीत मिळाली. एड्लाने परोपरीने सांगून पाहिलं. आई, थंडी फार आहे. आई, आधी अर्विद बघून येईल. आई, उन्हाळ्यात जाऊ. सेराफिना मेंढीच्या कातड्याचा कोट चढवून गाडीत बसलीसुद्धा. पायाशी गरम दगड, मांडीवर तो जुना झाडू.

"झाडू कशाला ग आई?" अर्विदने विचारलं.

"अकरा वर्षांचा केर आहे. तू काढणार आहेस?"

वाटेत जुनी गावं लागली. काही घरं होती, काही नव्हती, काहींच्या जागी नुसती विटांची धुराडी बर्फातून वर आलेली. प्रत्येक धुराड्यापाशी अर्विद टोपी काढायचा आणि कुणाचं घर ते नावाने सांगायचा. एड्लाचं तिकडे लक्ष नव्हतं. म्हातारी आपली भिंत शोधणार, भिंत नसणार, आणि मग ती आपल्याकडे वळून बघणार. त्या नजरेचा विचार ती गेली चार-पाच वर्षं करत होती. तो सगळा रस्ता ती देवाला एवढंच विनवत होती की त्या क्षणी म्हातारीचं हृदय टिकू दे.

ओढ्यावरचा पूल आला. रुळांच्या कडेने रस्ता वळला. आणि वळणाच्या शेवटी, जिथे दगडी गोठा असायला हवा होता, तिथे बर्फाची पांढरीशुभ्र टेकडी होती. मागचं काहीच दिसत नव्हतं. अर्विदने लगाम ओढला. घोड्याच्या नाकातून वाफ निघत होती, बाकी सगळं स्तब्ध.

"इथेच होता," तो हळूच म्हणाला.

एड्लाला राहवलं नाही. "आई," ती म्हणाली, "आई, मी तुमच्याशी खोटं बोलले. भिंत एक्कावन्नपासून येत नाही. मी उगीच आली म्हणत होते. मला काय शिव्या द्यायच्या त्या द्या, पण खाली उतरू नका. इथूनच परत फिरू."

सेराफिना तोवर खाली उतरली होती. मोतीबिंदूचा एक डोळा बारीक करून ती टेकडीकडे बघत होती.

"आमच्या शेतात टेकडी कधी होती ग?" ती म्हणाली.

"आई, अहो..."

"टेकडी नव्हती. मी इथे साठ वर्षं काढली. इथे टेकडी नव्हती." आणि ती गुडघाभर बर्फातून चालायला लागली. टेकडीपाशी जाऊन तिने झाडूने बर्फ उडवायला सुरुवात केली. बर्फाखाली गवताचं सुकलेलं ढेकूळ निघालं, त्याखाली गोठलेली माती. ती झाडूच्या दांड्याने खुपसत राहिली. "अर्विद! मेल्या, नुसता बघत काय उभा आहेस? फावडं आण."

अर्विद टेकडीवर चढला आणि वरच्या कडेला खणू लागला. माती दगडासारखी झाली होती. थोड्या वेळाने फावडं खणकन वाजलं. त्याने वाकून हातमोज्याने पुसलं. मग तो तसाच गुडघ्यावर बसून राहिला.

"काय आहे?" एड्ला ओरडली.

"बापाचा दगड," तो म्हणाला. "कोपऱ्याचा. छपराची वळचण पण आहे."

तिघं वळसा घालून पलीकडे गेली. पलीकडून गोठा जसाच्या तसा होता. दारावर पांढऱ्या रंगात रशियन आकडा आणि खाली एक मोठं कुलूप, तेही उघडंच. आत शिरल्याबरोबर आंबट वास नाकात घुसला. गायींच्या जागी लाकडी पिंपं आणि कप्पे होते. कप्प्यांत सुरकुतलेले बटाटे, पिंपांच्या तळाशी आंबवलेल्या कोबीचा चोथा. शिपायांनी गोठ्याचं कोठार केलं होतं, आणि थंडीत कोबी गोठू नये म्हणून रुळांच्या बाजूने वळचणीपर्यंत मातीचा भराव घातला होता. एवढ्या मातीवर गाडीचा आवाज आपटून परत कुठून येणार? ती सगळा गिळून टाकत होती.

एड्ला पिंपाच्या काठावर मटकन बसली. "कोबी!" ती म्हणाली. "इतकी वर्षं मी कोबीसाठी रडत होते!"

आणि तिला हसू फुटलं. अर्विद आधी तिच्याकडे बघत राहिला, मग तोही हसायला लागला. हसता हसता तो पुन्हा पुन्हा आतून भिंतीवर थापा मारत होता, घोड्याच्या मानेवर माराव्यात तशा. दाराबाहेर, अंगणापलीकडे, घराचं छप्पर दिसत होतं. खिडक्यांना फळ्या होत्या, एका बाजूचा जिना गायब होता, पण धुराडं होतं आणि भिंती होत्या. एड्लाचा जीव भांड्यात पडला.

सेराफिना बटाट्यांच्या कप्प्यावर टेकली. "पोरी," ती म्हणाली, "एक्कावन्नपासून म्हणालीस ना?"

"हो आई. चुकलं माझं."

"चुकलं काय त्यात. त्रेपन्न साली मी तुझ्या शेजारी बसले होते. मला काही ऐकू आलं का?"

एड्ला बघतच राहिली. "तुम्ही तर ओरडलात, आली म्हणून! मला वाटलं कान गेले तुमचे."

"कान माझे ठणठणीत आहेत. तुझ्या सुया थांबल्या तेही ऐकलं. मला वाटलं, हिला आत्ताच कळतंय बिचारीला, एवढी वर्षं या भिंतीच्या जिवावर जगलेली. मग मी म्हटलं, आली."

"म्हणजे तुम्ही मला..."

"आणि तू मला. दोघी सारख्याच खोटारड्या. अर्विद, तुझ्या बायकोच्या तोंडाकडे बघ जरा."

अर्विदने बघितलं नाही. तो दारातून घराकडे बघत होता. "छप्पर शाकारलं तर गायी मे महिन्यात आणता येतील," तो म्हणाला. "भावाला सांगतो, जमीन दुसऱ्या कुणाला दे म्हणून."

सेराफिना उठली, झाडू उचलला आणि गोठ्याच्या दारापासून केर काढायला लागली.

ते मे महिन्यात परत आले. घरातली फळ्यांची जमीन रशियनांनी तपकिरी रंगवली होती. ती खरवडायला दोन उन्हाळे गेले आणि कडेला तो रंग शेवटपर्यंत राहिला. मातीचा भराव अर्विदने सगळ्यात आधी काढला, छपराच्याही आधी, कारण आईने त्याला दुसरं काही करू दिलं नाही. गाड्यांच्या खिडक्या आता उघड्या होत्या आणि पायरीवर बसलेल्या म्हातारीला उतारू हात करायचे. ती उलट हात करत नसे, कारण ती ऐकत असे. साठ साली, गवत कापणीच्या दिवसांत, त्याच घरात ती गेली. झाडूच्या काड्या झिजून गेल्या होत्या, दांडा एड्लाने ठेवला.

अर्विदने म्हातारपणापर्यंत गायी पाळल्या, गुडघे दुखायला लागले तेव्हा विकल्या, आणि नंतर थोड्याच वर्षांत गेला. हुल्दाने बेकरीतल्याच एका विधुराशी लग्न केलं आणि ती स्वीडनला गेली. प्रत्येक नाताळात ती बहिणीला कॉफी पाठवायची आणि सोबत एक कोबीचं चित्र असलेलं कार्ड, मुद्दाम शोधून काढलेलं.

एड्ला नव्वदीपर्यंत जगली. त्या गोठ्यात आता तिच्या नातवाचा ट्रॅक्टर असतो. शेवटच्या वर्षांत ती कधी हेलसिंकीला गेली, तर नात तिला खिडकीशी बसवायची. पूल आला की एड्ला डोळे मिटून घ्यायची. नात म्हणायची, "आजी, बघ ना, आपलं घर आलं!"

"ऐकू दे गं," एड्ला म्हणायची. मग गाडी वळणावर कलायची, ठोका यायचा, आणि ती डोळे उघडायची.