कोशाचे दांडे

चर्चमधल्या बालवर्गाच्या बाईंनी मला बोलावलं ते मी मोठा भाविक आहे म्हणून नव्हे. माझ्याकडे कापड, बांबू आणि दोर होते म्हणून. चाळीस वर्षं मी मंडप घातले. लग्नांचे घातले, सभांचे घातले, दुखवट्याचे घातले, एकदा तर एका म्हाताऱ्या कुत्र्याच्या वाढदिवसाचाही घातला. धंदा बंद केला तेव्हा बरंचसं सामान विकलं, पण चांगलं कापड विकवेना. ते माळ्यावर पडून होतं.

"काका, मुलांना निवासमंडप शिकवायचाय," बाई म्हणाल्या. "मोशेच्या वेळचा. देव आपल्या लोकांमध्ये राहायला आला आणि तंबूत राहिला, हे चार-पाच वर्षांच्या मुलांना चित्र दाखवून कळत नाही. त्यांना आत शिरता आलं पाहिजे."

मी म्हटलं, मंडप घालून देतो, पण बोलणार नाही. माझा राग नाकावर असतो हे अख्ख्या मंडळीला माहीत आहे. उपासनेत मागे बसून कोणाचं पोर चॉकलेटचा कागद चुरचुरवायला लागलं की मी नुसतं वळून बघतो आणि कागद बंद होतो. लहान मुलांपैकी फक्त एकीशी माझं जमतं. ती माझी नात, ठकी. ती याच वर्गात होती, आणि बुधवारी कायमची दूर जाणार होती.

माझ्या मुलाला नोकरी लागली होती, गाडीने नऊ तासांवर. तो, सूनबाई आणि ठकी निघणार होते. मी यावं म्हणून दोघं महिनाभर माझ्या मागे लागले होते. तिथल्या घरात माझ्यासाठी खोलीही बघून ठेवली होती. मी नाही म्हणत होतो. कारण विचारलं की म्हणायचो, मला इथलं पाणी मानवतं.

खरं कारण स्वयंपाकघरात होतं. खिडकीशी एक खुर्ची आहे, तिच्यात बसून माझी बायको रोज पहाटे प्रार्थना करायची. ती होती तोवर मी कधी केली नाही. आमच्या दोघांचं ती बघून घेईल असं मी धरून चाललो होतो. ती गेली आणि मग मी त्या खुर्चीत बसायला लागलो. सुरुवातीला उगाच. पण एक दिवस असं वाटलं की कोणीतरी ऐकतंय. तेव्हापासून रोज वाटतं. दुसरीकडे कुठेही वाटत नाही, मी करून पाहिलंय. दवाखान्यात बाकावर बसून केलं, उपासनेत केलं, बहिणीकडे चार दिवस राहायला गेलो तेव्हा केलं. भिंतीशी बोलल्यासारखं होतं. आता हे त्या पोराला कोणत्या तोंडाने सांगायचं? तो म्हणाला, "रविवारपर्यंत नक्की काय ते सांगा, बाबा." मी बरं म्हटलं. उत्तर ठरलेलंच होतं.

मंडपाची मापं मी बायबलमध्ये वाचली आणि मोशेबद्दल माझं मत एकदम चांगलं झालं. पडदे किती, त्यांना नाड्या किती, अडकवायचे आकडे किती, खुंट कुठे, सगळं सांगितलेलं. इतकं नीट सांगणारं गिऱ्हाईक मला जन्मात भेटलं नाही. लोक म्हणायचे, काहीतरी छान करा. इथे मापं हातांत दिलेली होती. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. आम्हीही पूर्वी टेप हरवली की तसंच मोजायचो.

आदल्या रविवारी बाईंनी मुलांकडून कापड मोजून घेतलं. अकरा मुलं. एकेकाने कापडावर कोपर टेकवायचं, बोट जिथे पोचेल तिथे खडूची खूण करायची, पुढे सरकायचं. काहींनी कोपर नीट टेकवलं, काहींनी मध्येच खाजवलं. एक दात पडलेला पोरगा प्रत्येक हातानंतर कापडाला शाबासकी देत होता. मी बाईंना म्हटलं, हे सगळे पडदे वाकडे येणार. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. चाळीस वर्षांत माझा एक मंडप तिरका उभा राहिलेला नाही.

"काका, एक इंचही पुन्हा कापायचं नाही," बाई म्हणाल्या. "त्यांच्या हातांनी मोजलंय."

मी चडफडत घरी आलो आणि कोश करायला घेतला. कोश म्हणजे देव जिच्यापाशी असायचा ती आज्ञांची पेटी, जी सगळ्यांत आतल्या खोलीत, परमपवित्र स्थानात, ठेवायची. निदान ती तरी सरळ असावी म्हणून मी फळ्या आणल्या, रंधा मारला, सोनेरी रंग दिला. अडीच हात लांब, दीड हात रुंद, दीड हात उंच. दोन्ही अंगांना कड्या लावल्या आणि कड्यांतून उचलायचे दोन दांडे घातले. काम असं झालं की शेजारी बघायला आले.

रविवारी चर्चच्या हॉलमागच्या अंगणात मंडप उभा केला, कोश उचलून आत नेला आणि कपाळाला हात लावला. मंडप होता पोरांच्या हातांच्या मापाचा. कोश होता माझ्या. आतली खोली एवढीशी, जेमतेम मी हात पसरले तर दोन्ही बाजूंना कापड लागेल. पेटी कशीबशी मावली, पण दांडे मावेनात. त्यांची टोकं समोरच्या जांभळ्या पडद्यात घुसून त्याला दोन टेंगळं आली होती. बाई हसून हसून खाली बसल्या.

"काढून टाका ना दांडे," त्या म्हणाल्या. "मुलांना काय कळतंय."

"दांडे काढायचे नाहीत. कड्यांतच राहू द्यायचे असं सांगितलंय."

"का?"

ते मला माहीत नव्हतं. कारागीर माप विचारतो, कारण विचारत नाही. दांडे राहिले.

मुलं आली. बाईंनी त्यांना चपला-बूट बाहेर काढायला लावले, कारण मोशेनेही देवासमोर पायतणं काढली होती. बावीस बूट गवतात रांगेत लागले, त्यांतले काही उलटसुलट. मुलं पहिल्या खोलीत मांडी घालून बसली. मी बाहेर दोराशी उभा राहिलो, वारा सुटला तर असावं म्हणून.

"देवाला घर नव्हतं का?" ज्या मुलीला मी मनातल्या मनात प्रश्नपत्रिका म्हणतो ती आतून म्हणाली.

"होतं ना. आकाशापेक्षा मोठं."

"मग तंबूत कशाला आला?"

"त्याची माणसं तंबूत राहत होती. त्याला त्यांच्याजवळ राहायचं होतं."

मग तीच मुलगी हळू म्हणाली, "म्हणजे आमच्याशी बोलायला आमचे बाबा खाली बसतात, तसा तो खाली बसला."

कापडाच्या फटीतून मला दिसलं, बाई गुडघ्यांवर आल्या होत्या. मीही दोर घट्ट धरला. इतकी वर्षं उपदेश ऐकले, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

नंतर बाईंनी सांगितलं की पूर्वी त्या पडद्यापलीकडे फक्त एक माणूस जायचा, मुख्य याजक, तोही वर्षातून एकदा. मग येशूने प्राण सोडला त्या दिवशी मंदिरातला तसला पडदा वरपासून खालपर्यंत फाटला. म्हणून आता कोणीही जाऊ शकतं. "एकेकाने जायचं," त्या म्हणाल्या. "घाई नाही. बाहेर यावंसं वाटलं की यायचं."

मला वाटलं, आता दंगा होणार. दंगा झाला नाही. पहिला गेला तो दात पडलेला पोरगा. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे बशीएवढे झाले होते. "आत कोणीतरी श्वास घेतंय," तो म्हणाला. त्याचाच श्वास असणार, पण ते त्याला सांगायची कोणाची छाती झाली नाही. दुसरी म्हणाली, आत ऊब आहे. तिसऱ्याने काही सांगितलंच नाही, नुसता येऊन बाईंच्या मांडीवर बसला. प्रश्नपत्रिका बाहेर आली आणि तिने एकही प्रश्न विचारला नाही. मी हजार मंडप घातले असतील, त्यांतून माणसं जेवून बाहेर पडली, भांडून बाहेर पडली, रडून बाहेर पडली. अशी बाहेर पडलेली मी पाहिली नव्हती.

शेवटी ठकी गेली, आणि बाहेर येईना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी चपला काढल्या, वाकलो आणि रांगत आत शिरलो. माझे गुडघे कुरकुरले ते सगळ्या वर्गाने ऐकलं असेल.

आत निळा-जांभळा उजेड होता. वाकडे पडदे एकमेकांना नीट टेकत नव्हते. ठकी कोशाला पाठ टेकून बसली होती. मी तिच्या शेजारी बसलो, दुसरी जागाच नव्हती.

"आजोबा, दांडा टोचतोय मला. काढ ना."

"काढायचा नाही."

"का? आता तर घरात आणून ठेवलंय त्याला."

मी धंद्यातलं उत्तर दिलं. "केव्हाही निघावं लागतं ना, म्हणून. त्यांच्यावर एक ढग असायचा. तो उठला की मंडप काढायचा आणि निघायचं. दांडे शोधत कोण बसणार? म्हणून ते कायम घातलेले."

"म्हणजे देव कायम तयार?"

"हो."

"आणि लोक निघाले की तो मागून यायचा?"

"मागून नाही. आधी ढग, मग लोक."

तिचा पाय माझ्या पायावर होता आणि ती अंगठा हलवत होती.

"मग तो बुधवारी आमच्याआधी तिथे पोचेल," ती म्हणाली. "आणि तू इथे कोणाजवळ राहणार?"

मी म्हणणार होतो, अगं वेडे, देव सगळीकडे असतो, इथेही आणि तिथेही. हे उत्तर कुठल्याही बालवर्गात मिळतं. ते माझ्या जिभेवर आलं आणि तिथेच अडकलं. कारण ते मला खरं वाटत असतं, तर मी त्या खुर्चीला धरून बसलोच नसतो. मी देवाला स्वयंपाकघरात बसवून ठेवलं होतं, खिडकीपाशी, आणि वर त्याचे दांडे काढून घेतले होते. बायकोच्या जागी बसून तिच्या देवाची राखण करत होतो, जणू माझी पाठ वळली की तो हरवेल.

ठकीने माझ्या दंडावर डोकं ठेवलं. बाहेर मुलं शांत होती, वारा नव्हता, कापड हलत नव्हतं. आणि त्या वाकड्यातिकड्या खोलीत, जिथे मला धड मान वर करता येत नव्हती, कोणीतरी ऐकत होतं. खुर्चीत वाटायचं तसंच. नाही, तसं नाही. खुर्चीत मला वाटायचं की तो खिडकीबाहेर कुठेतरी आहे. इथे तो इतका जवळ होता की मला भीती वाटली. मी पुटपुटत काहीतरी म्हणायला लागलो, काय म्हणालो ते आठवत नाही, आणि माझी दाढी ओली झाली. ठकीने ते पाहिलं आणि हाताने पुसलं.

"चल," मी म्हटलं. "मला उठव आता."

मुलांचे आईबाप त्यांना न्यायला यायला लागले. मी मंडप काढायला घेतला, कारण दुपारी अंगण दुसऱ्या कोणाला हवं होतं. मुलांनी खुंट उपटायला मदत केली, म्हणजे मी उपटले आणि त्यांनी ते छातीशी धरून नेले. पुढच्या दोन बांबूंचे दोर सोडून झाले होते तेव्हा माझा मुलगा फाटकातून आत आला. त्याने मला उत्तर विचारलं नाही. आठवडाभर तो विचारायचाच थांबला होता. त्याने मुकाट्याने एक दोर उचलला आणि गुंडाळायला लागला. लहानपणी मीच शिकवलं होतं त्याला, कोपर आणि अंगठ्यामधून कसा गुंडाळायचा ते.

"मी येतोय," मी म्हणालो.

"कुठे?"

"तुमच्याबरोबर. बुधवारी. राहायला."

तो दोर गुंडाळत राहिला. आठ फेरे, नऊ फेरे. मग त्याचा हात थांबला. "खरंच, बाबा?" एवढंच म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला. आई गेली तेव्हा सगळं त्यानेच निभावलं होतं, त्याला रडताना मी पाहिलं नव्हतं. त्याने इकडेतिकडे पाहिलं, इतक्या लोकांत कुठे जावं ते त्याला कळेना. ठकी त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या बुटाकडे बोट दाखवून म्हणाली, "बाबा, बूट काढ. मग आत जा."

त्याने बूट काढले आणि वाकून आत गेला. जांभळा पडदा त्याच्यामागे पडला.

पुढचे दोर सुटलेले होते, मंडप केव्हाही खाली आला असता. एक बांबू बाईंनी पकडला, एक मी. मुलं खुंट छातीशी धरून उभी होती आणि त्यांनी आपल्या आईबापांनाही बोलू दिलं नाही. बराच वेळ गेला. माझे हात भरून आले, पण मी बांबू सोडला नाही.