नणंद-भावजयींनी वळलेली पेटी

मित्रांनो, मला पाहून कोणी भाजी चिरायला घेतली तर मी रागावत नाही. फळी ती फळीच. पण मी सिगार वळायची फळी आहे, आणि आता चांगलीच जुनी झाले आहे. सुताराने एका जाड ओंडक्यातून मला कापले, रंधा मारला, वरून तळहात फिरवला आणि खूश होऊन म्हणाला, "लोण्यासारखी झालीय."

मी आले ती एका लांबट कारखान्यात. उंच खिडक्या, भिंतीकडेने बाके आणि सगळीकडे ओलसर पानांचा वास. मित्रांनो, सिगार ही मोठ्यांची गोष्ट, आणि तिचा धूर त्यांनाही बाधतोच. पण वळण्याचे काम मात्र बघत राहावे असे.

माझ्या वाट्याला आली नुकतीच लग्न झालेली एक सून. तिचा नवरा त्याच खोलीत पाने निवडत असे. त्याची थोरली बहीण, म्हणजे माझ्या मालकिणीची नणंद, शेजारच्या फळीवर सिगार वळत असे. पोटातली पाने मुठीत कशी जुळवायची, वरचे पान अर्धगोल पात्याने कसे कापायचे, टोकाला डिंकाचा ठिपका लावून टोपी कशी बसवायची, हे सगळे नणंदेनेच तिला शिकवले.

"गळा आवळू नकोस तिचा," ती म्हणे. "सिगारला श्वास घेता आला पाहिजे."

माझ्या मालकिणीचा, म्हणजे वहिनीचा, हात इतका बसला की एके दिवशी मालकांनी नमुना म्हणून दाराशी काचेच्या पेटीत सिगार ठेवली ती तिची. शिकवणारीची नाही, शिकणारीची. नणंदेने तोंड फिरवले. वहिनीनेही मग पडते घेतले नाही. दोघी कोपराला कोपर लावून बसत, पण बोलणे सगळे भावामार्फत.

"तुझ्या बायकोला सांग, डिंक इकडे सरकव."

"तुमच्या ताईंना सांगा, डिंक संपलाय."

बिचारा भाऊ पाने निवडता निवडता निरोप्या होऊन बसला.

आमच्याकडे एक म्हातारा कप्तान येत असे. आयुष्य जहाजावर गेलेले. डॉक्टरांनी त्याची सिगार कधीच बंद केली होती, तरी तो माझ्या मालकिणीने वळलेली एखादी सिगार घेई, बाकावर बसून बोटांत फिरवी, हुंगे आणि तशीच खिशात ठेवी. "इतक्या हातांतून आलेली वस्तू आहे," तो म्हणे, "नुसती हातात धरली तरी जीव ताळ्यावर येतो."

त्याचे जहाजावरचे जुने सोबती बऱ्याच वर्षांनी एकत्र जमणार होते. त्यांच्यासाठी त्याने पेटीभर सिगार मागितल्या, वहिनीच्या हातच्या. आणि नेमकी ती जिन्यावरून घसरली. डावे मनगट मोडले, प्लास्टर बसले.

मालक नणंदेकडे आले. "ही पेटी आता तुम्हीच वळा. कप्तानांना काय कळणार?"

सगळी खोली कान देऊन ऐकत होती. इतकी वर्षे ज्याची आस होती, ते काम तिच्यापुढे चालून आले होते.

"मागणी तिच्या हाताची आहे," नणंद म्हणाली. "आणि तिचा उजवा हात धडधाकट आहे. बोलवा तिला."

वहिनी आली. नणंदेने आपले स्टूल उचलून माझ्यासमोर, तिच्या डाव्या अंगाला ठेवले आणि थेट तिच्याकडे बघून म्हणाली, "उजवा हात तुझा, डावा माझा. बस."

"वन्सं, जमेल का हो?"

"न जमायला काय झालं?"

पहिली सिगार मधे फुगली आणि दोन्ही टोकांना चिमटली. ती पाहून वहिनीला हसू फुटले. नणंदेने ओठ आवळून धरले, पण खांदे हलायला लागलेच. मग अख्खी खोली हसली. सर्वांत मोठ्याने भाऊ हसला, कारण त्याची निरोप्याच्या कामातून सुटका झाली होती.

"वन्सं, जरा सैल."

"तू ओढतेस ते आधी थांबव."

असे भांडत भांडत त्यांना सूर सापडला. माझ्यावर दोन बायकांचे दोन हात एका माणसाचे असल्यासारखे फिरू लागले. पेटी भरली.

कप्तानाने एक सिगार उचलली, कानाशी धरून हलकेच दाबली आणि थांबला. "हा एकटीचा हात नाही."

वहिनीने मान खाली घातली. नणंदेने मात्र खरे ते सांगून टाकले.

कप्तानाने पुन्हा एकदा सिगार हुंगली. "मग यापुढे मला दोघींच्या हातचीच द्या," तो म्हणाला.

मनगट बरे झाले, तरी कप्तानाची सिगार त्या दोघी मिळूनच वळत. पुढे दोघी थकल्या, घरी बसल्या, आणि मी पाण्याच्या पिंपावर झाकण झाले. फुगले, कडेला चिरले. तेवढाच काळ काय तो वाईट गेला. मग वहिनीच्या लेकीने मला ओळखले, सावलीत वाळवले, घासले, तेल पाजले. आता ती माझ्यावर वळते, आणि त्या दोघी म्हाताऱ्या खिडकीजवळची जागा कोणाची यावरून मजेत भांडत बसतात.

मित्रांनो, माझे एवढे ऐका. जुन्या अवजाराला उन्हात टाकू नका, पाण्यात भिजत ठेवू नका. काम झाले की पुसा, अधूनमधून तेलाचे बोट फिरवा. आणि घरात दोन माणसे एकमेकांशी बोलत नसतील, तर त्यांना एकाच फळीवर काम द्या.