ब्रेकमधली तुळस

जन्मभर मालगाड्या थांबवलेल्या नीलकंठ वानखेड्यांना स्वतःची गाडी थांबवता येऊ नये, याहून मोठी नामुष्की कोणती? तीही भर पंडरीच्या कापडबाजारात. ब्रेकचं पेडल लोण्यात बोट जावं तसं खाली गेलं आणि त्यांची जुनी पण भारदस्त एसयूव्ही एका दुकानाबाहेरच्या साड्यांच्या गठ्ठ्यांत तोंड खुपसून थांबली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पण शेजारी मंदाकिनीबाई बसल्या होत्या.

रेल्वेतून रिटायर झाल्यावर बायकोच्या नाकावर टिच्चून त्यांनी ही गाडी घेतली होती. 'एकदा जरी धोका दिला, तर विकून टाकीन,' असा शब्द देऊन बसले होते. आता तोच गळ्याशी आला.

"मंग? कधी विकून राहिले?" बाईंनी तिथेच विचारलं.

"मंदे, आधी रोग तर पाहू दे!"

टोचन लावून गाडी गुढियारीला हरिदास मिस्त्रीकडे नेली. तिथे पोचेस्तोवर पेडल दगडासारखं कडक! डॉक्टर दिसला की दुखणं पळतंच.

"बाबूजी, ब्रेक तो एकदम टाइट है. आपका पैर फिसल गया होगा."

पाय घसरला? इंजिन ड्रायव्हरचा? नीलकंठरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी हरिदासला शेजारच्या सीटवर घातलं, स्वतः स्टिअरिंगवर बसले आणि मोकळ्या रस्त्यावर पळव, ब्रेक मार, पळव, ब्रेक मार असं चालवलं. थोड्याच वेळात पेडल पुन्हा खाली गेलं आणि हरिदास बजरंगबलीचा धावा करू लागला. नीलकंठरावांनी हँडब्रेक ओढला.

"गरम झाला का मऊ, थंड झाला का कडक. म्हणजे ब्रेक ऑइलमध्ये पाणी. तापलं का त्याची वाफ होते, मंग पाय वाफेवरच पडते."

"पर पानी आएगा कहाँ से?"

बोनेट वर करून त्यांनी ऑइलच्या डबीचं झाकण काढलं. जाळीला एक काळंठिक्कर तुळशीचं पान चिकटलं होतं.

दसऱ्याची पूजा! तेल-पाणी तपासताना फोन वाजला, झाकणं उघडी टाकून ते आत गेले होते, आणि ताम्हन-पळी घेऊन मागे कोण उभं होतं? सापडली! धोका गाडीने दिलाच नव्हता, गाडी वाचली! गाडी हरिदासकडेच सोडून, पान कागदात गुंडाळून ते विजयी वीरासारखे चौबे कॉलोनीतल्या घरी परतले.

मंदाकिनीबाईंनी पान हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं.

"सगळ्या झाकणांत तुळस घातलेलं एक एक पळी गंगाजल टाकलं मी. नारळ फोडला, लिंबू ठेवले, सगळं बाहेरूनच. आतही देवाचं काही असावं म्हटलं. तुम्ही गाडी घेऊन गेले का फाटक वाजेपर्यंत मले घास उतरत नाही."

जिंकलेला डाव नीलकंठरावांच्या हातातच विरघळला. आपण ड्युटीवर असतानाही ही अशीच उपाशी बसत असेल, हे त्यांच्या आज ध्यानात आलं. त्यांना फार वाईट वाटलं.

"मंग कधी सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं, तर थांबले असते का तुम्ही?"

नीलकंठरावांनी पान पुन्हा कागदात गुंडाळलं आणि हरिदासला फोन लावला.

हरिदासने सगळं ऑइल बदललं, ब्रेक पक्का झाला आणि विकायचा विषय बाईंनी पुन्हा काढला नाही. पुढच्या पूजेला नीलकंठरावांनी बाकीची झाकणं स्वतः घट्ट लावली आणि समोरची काच धुवायच्या पाण्याची टाकी तेवढी उघडून दाखवली. "हे तुझं. टाक किती टाकायचं ते."

बाईंनी अख्खा गडू रिकामा केला. तेव्हापासून नीलकंठरावांनी काच धुतली की मागच्या स्कूटरवाल्यांवर शिंतोडे उडतात. कोणी शिवी हासडलीच, तर मंदाकिनीबाई खिडकीतून डोकं काढून दटावतात, "भैया, गंगाजल है. माथे से लगा लो!"