फमाऊच्या दातांतली काठी

या मित्रांनो, असे जवळ या. वाळू तापली असेल तर माझ्या सावलीत बसा; सावली देण्याएवढा मी अजून उरलो आहे. माझ्या पोटात खेकडे राहतात, त्यांना घाबरू नका. ज्यांना गाण्याची आवड आहे त्यांनी पुढे यावं. मी सांगणार आहे ती गोष्ट गाण्याचीच आहे, सुरुवात तेवढी गळक्या फळ्यांपासून होते.

मी एक जुना मचवा आहे. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, लामूजवळच्या मातोंदोनी गावात, नारळीच्या सावलीत मला घडवलं. माझ्या बरगड्या खारफुटीच्या वाकड्या लाकडाच्या. माझ्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला, दोन्ही बाजूंनी पांढरे डोळे रंगवले, वाट दिसावी म्हणून. पाण्यात सोडायच्या दिवशी बकरा कापला, फातिहाची प्रार्थना म्हटली, गाव जेवलं आणि माझं नाव ठेवलं सुबिरा. तुमच्या भाषेत सबुरी.

माझा नाखवा बुनू, पाते बेटावरच्या सियू गावचा. त्याच्यासोबत मी नारळ, आंबे, सुकी मासळी घेऊन लामूला जात असे. पण वर्षातल्या एका फेरीची मी वाट पाहायचो. पैगंबरांच्या जन्माच्या उत्सवाला आम्ही मुअल्लिम शेकुवे यांना लामूला नेत असू. मुअल्लिम म्हणजे गुरुजी; ते मुलांना शिकवत आणि पैगंबरांची स्तुती गात. त्यांची शिकवण गाण्यातूनच यायची. मध्येच थांबून ते एखादी कथा सांगत, हसवत, रडवत आणि पुन्हा सूर धरत. वाटेत ते माझ्या डोलकाठीला टेकून गायला बसले, की माझी फळीन् फळी आतून थरथरायची. त्या थरथरीला मी दुसरं नाव देऊ शकत नाही. मी प्रार्थना करत असे, एवढंच म्हणतो.

आता फमाऊबद्दल ऐका. लाकडाचा मचवा गळतोच, मित्रांनो, त्यात लाज कसली? गळतं कुठून हे कळणं मात्र कठीण. पाणी एका फटीतून शिरतं, बरगडीमागून गुपचूप चालत जातं आणि भलतीकडेच दिसतं. ते शोधून काढणारा माणूस म्हणजे फमाऊ, बुनूच्या बायकोचा मोठा भाऊ. तो आधी तळातलं पाणी बोट बुडवून चाखायचा. गोड लागलं तर पावसाचं, म्हणजे गळती वर. खारट लागलं तर खाली. ओहोटीला मी वाळूवर कलंडलो की तो माझ्या पोटात पाणी ओतायचा आणि बाहेर जिथे थेंब फुटेल तिथे कोळशाची खूण करायचा. आणि चालत्या मचव्यात एका काठीचं टोक फळीला लावायचा, दुसरं दातांत धरायचा आणि डोळे मिटायचा. पाण्याची बारीक धारसुद्धा त्याला त्या काठीतून कळायची.

मग शार्कच्या तेलात बुडवलेला कापूस फटीत हलक्या हाताने ठोकायचा. हलक्या हाताने! वादळाचे महिने मी किनाऱ्यावर सुकत पडायचो, तेव्हा माझ्या फळ्या आक्रसायच्या. पाण्यात गेल्यावर पहिले काही दिवस मी टोपलीसारखा गळायचो. पोरं हसायची. फमाऊ म्हणायचा, "पिऊ दे त्याला. तहानलाय तो." आठवडाभर उथळ पाण्यात उभा राहून मी पाणी प्यायचो, फुगायचो आणि बहुतेक फटी आपोआप मिटायच्या. उरलेल्या तो शोधायचा.

बुनू आणि फमाऊ मेव्हणे-मेव्हणे. एकमेकांची थट्टा केल्याशिवाय त्यांना घास गोड लागायचा नाही, आणि आमच्याकडे मेव्हण्याने थट्टा केली नाही तर लोक विचारतात, भांडण झालं का? मुअल्लिम गायला लागले की फमाऊ त्यांच्याशेजारी, डोलकाठीच्या बुंध्याशी, काठी दातांत धरून बसायचा.

"काय मेव्हणे," बुनू सुकाणूवरून ओरडायचा, "मुअल्लिम जीव ओतून गातायत आणि तुम्ही माझा मचवा चावत बसलात?"

"तुझा आहे म्हणून चावतो. दुसऱ्याचा असता तर भरवसा ठेवला असता."

मुअल्लिमही कधी कधी खट्टू व्हायचे. "फमाऊ, बाबा, मी अल्लाच्या लाडक्याचं गातो आणि तू फळ्यांची नाडी बघतोस. एक दिवस तरी ती काठी बाजूला ठेव की रे."

फमाऊ मान खाली घालून हसायचा. काठी ठेवायचा नाही.

खरी गोष्ट फक्त मला ठाऊक होती. लहानपणी शिंपल्यांसाठी खोल बुड्या मारून त्याचे कान फुटले होते, आणि वय वाढलं तसं ऐकू येणं जवळजवळ संपलं. समोरच्याचे ओठ पाहून तो उत्तरं द्यायचा. बहिऱ्या माणसाला गळती शोधायला कोण बोलावणार, म्हणून त्याने हे बहिणीलाही सांगितलं नाही. मुअल्लिम गात असताना तो गळती शोधत नव्हता, मित्रांनो. तो गाणं ऐकत होता. डोलकाठीतून माझ्यात, माझ्यातून काठीत, काठीतून त्याच्या दातांत. माझ्या फळीवर त्याचे थेंब पडायचे. समुद्राचं खारं पाणी आणि डोळ्यांतलं खारं पाणी मला वेगवेगळं ओळखता येतं.

माझ्या नाळेवर डोळे रंगवले होते. तोंड कुणी रंगवलं नव्हतं.

मग ते वर्ष आलं. उत्सव चंद्राच्या महिन्यांनी सरकतो, ते गणित असं फिरलं, की मी किनाऱ्यावर सुकत होतो आणि उत्सव तोंडावर आला. मुअल्लिम खोकत होते. "यंदाचं शेवटचं, बुनू," ते म्हणाले. "लामूला एकदा गाऊन येतो." बुनूने छातीवर हात ठेवला. "तुमच्या चपलांनासुद्धा पाणी लागू देणार नाही, मुअल्लिम."

फमाऊ खारफुटी तोडायला पलीकडच्या किनाऱ्यावर गेला होता. बुनू कापूस आणि हातोडा घेऊन बसला, तेव्हा त्याची बायको मिसी म्हणाली, "दादाला येऊ द्या. तोवर मचवा पाण्यात तरी उभा करा."

"तुझ्या दादाच्या हाती मचवा दिला की तो आठवडाभर पाणी पीत बसतो. तोवर लामूतले लोक उत्सवाची भांडी घासायला घेतील!"

आणि त्याने माझ्या सुक्या, आक्रसलेल्या फटींत कापूस ठोकला. सारी ताकद लावून ठोकला, वरून डांबर फासलं. निघायच्या सकाळी मला पाण्यात ढकललं तर थेंब नाही! सगळा किनारा बघायला जमला. "बुनू, आता मेव्हण्याला चटया विणायला बसव," कुणी तरी म्हणालं. बुनू फुलून गेला. मला मात्र आतून कळत होतं. फळी पाणी प्यायली की फुगणार, आणि फुगायला तिला जागा हवी. माझ्या फटींत जागाच उरली नव्हती.

तेवढ्यात फमाऊ आला. पाण्यात वाकून त्याने फटीत नख घातलं. नख शिरेना.

"किती ठोकलंस रे! याने फुगायचं कुठे? आज नको नेऊस. मुअल्लिमांना दुसऱ्याच्या मचव्यातून पाठव."

"दुसऱ्याच्या? मी काय मेलोय? मेव्हण्यांच्या हातचं काम गेलं, म्हणून त्यांचं पोट दुखतंय, दुसरं काय!"

लोक खदखदून हसले. फमाऊची नजर फटीवर होती, बुनूच्या ओठांवर नव्हती. त्याने मान वर केली तेव्हा सगळे हसत होते, म्हणून तोही हसला. तो हसला म्हणजे मान्य झालं, असं बुनूने धरलं. फमाऊने एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी काखेला मारून तोही चढला.

दुपार कलली. आम्ही खारफुटीतल्या अरुंद खाडीत होतो. मी सकाळपासून पाणी पीत होतो, फळ्या एकमेकींना रेटत होत्या. मग तळाच्या कण्याजवळची फळी खिळ्यांसकट बरगडीपासून सुटली. मी ओरडलो, माणसांना फक्त कडाडकन आवाज आला.

"कुठून येतंय? अरे, कुठून येतंय?" बुनू डबा घेऊन उपसत होता. फमाऊने काठी दातांत धरली, दोन हात रांगला आणि बोट ठेवलं. कमरेचं वस्त्र सोडून त्याने तिथे कोंबलं आणि वरून पाय रोवून बसला. बुनूने मला चिखलात घातलं. ओहोटी लागली, मी कलंडलो. लामूला आता कुणी पोचणार नव्हतं.

मुअल्लिमांच्या चपला पाण्यात तरंगत होत्या. ते म्हणाले, "अल्लाची मर्जी. बोलावणं लामूचं होतं, बसवलं चिखलात." आणि डोलकाठीला टेकून त्यांनी सूर धरला.

फमाऊने काठी रोजच्या जागी लावली. मग सरकवली. मग दुसरीकडे लावली. माझ्या पोटातलं पाणी त्या फटीतून गुळगुळ बाहेर जात होतं आणि सुटलेली फळी त्या धारेत खडखडत होती. मी माझी सगळी लाकडं घट्ट धरायचा प्रयत्न केला, मित्रांनो. जमलं नाही.

"पाणीच ऐकू येतंय," फमाऊ मोठ्याने म्हणाला. आपला आवाज किती मोठा झालाय हे त्याला कळत नव्हतं. "बुनू, मला नुसतं पाणीच ऐकू येतंय. मुअल्लिमांचं काहीच येत नाही."

गाणं थांबलं. मुअल्लिमांनी काठीकडे पाहिलं. "म्हणजे... इतकी वर्षं तू..."

"कान केव्हाच गेले, मुअल्लिम. दात शाबूत होते."

बुनूने डबा खाली ठेवला. त्याने फमाऊचा चेहरा आपल्याकडे वळवला. "मग सकाळी हसलास का रे?"

"सगळे हसत होते."

मुअल्लिम माझ्या कलत्या फळ्यांवरून सरपटत पुढे आले. काठीचं मोकळं टोक उचलून त्यांनी आपल्या छातीवर ठेवलं. फमाऊ मागे सरला. एवढ्या मोठ्या माणसाला काठी कशी लावायची? मुअल्लिम म्हणाले, "धर दातांत. बघ, कुठे गळतंय ते." आणि भरती येईपर्यंत ते त्याच्या एकट्यासाठी गायले.

तेवढं एकदाच. पुढच्या उत्सवाआधी मुअल्लिम गेले. चिखलात कलंडताना माझ्या बरगड्या मोडल्या होत्या. बुनूने मला कसंबसं परत आणलं आणि इथे वर ओढून ठेवलं. तो येतो, फळीवर हात ठेवतो आणि म्हणतो, "आठवडाभरच तर मागत होता." फमाऊही येतो. डोलकाठी आता नाही. तिच्या बुंध्याशी काठी लावून, डोळे मिटून बसतो. माझ्यात आता फक्त खेकडे चालतात. त्याला तेच ऐकू येत असणार.

मित्रांनो, तुमच्याकडे एखादा मचवा असेल तर त्याच्या फटी घाईने बुजवू नका, आधी त्याला पोटभर पाणी पिऊ द्या. आणि माझं आणखी एक मागणं आहे. कुठे देवाचं गाणं चाललं असेल आणि कोपऱ्यातलं कुणी तरी भलतंच काही करत बसलेलं दिसलं, तर त्याला टोमणा मारण्याआधी फमाऊची आठवण काढा. थोडे सरका, आणि त्याला पुढे बसायला जागा द्या.