ताऱ्यांना टेकणारं यान आणि मी

मित्रांनो, मी झोपाळा आहे आणि बऱ्यापैकी जुना आहे. पण आधीच सांगून ठेवतो, माझी कथा ऐकताना कुणी डोळ्यांत पाणी आणू नका. मला दया नको, मला माझा मान हवा आहे. तो एका पत्र्याच्या खोक्याने पळवला होता.

पापडी गावच्या सुताराने मला सागाच्या जाड फळीतून घडवलं आणि नंदाखाल गावातल्या एका घराच्या ओटीवर पितळी सळ्यांनी आढ्याला टांगलं. त्या घरातला हिलरी माझ्यावरच लहानाचा मोठा झाला. माझ्यावरून पडून त्याने पुढचा दात पाडून घेतला आणि लग्नानंतर बायकोला, बेटीला, घेऊन पहिल्यांदा बसला तोही माझ्यावरच. पुढे तो वालीवच्या कारखान्यात लेथ चालवू लागला. संध्याकाळी घरी आला की आधी माझ्याकडे यायचा, मग चहाकडे. अख्ख्या गावात एवढं भाग्य दुसऱ्या कुठल्या फळीचं नव्हतं.

मग १९७५ साली आर्यभट उपग्रह आकाशात गेला आणि हिलरी पेपर घेऊन माझ्यावर बसला तो उठेचना. रॉकेट जळता वायू मागे फेकतं म्हणून पुढे जातं, हे त्याने बेटीला समजावलं.

"पण फेकायचं संपलं की रॉकेटचं कामही संपलं," तो म्हणाला. "काहीच न फेकता पुढे जाणारं यंत्र केलं तर?"

आणि त्याने ते केलं. शिलाई मशीनची मोटर, एकमेकांच्या उलट फिरणारी दोन दातेरी चाकं, त्यांच्या कडेला शिशाचे गोळे आणि वरून पत्र्याचं खोकं. चालू केलं की ते गुरगुरायचं आणि झटके देत ओटीच्या कोब्यावरून एकाच दिशेने सरकायचं. खाली चाक नाही, मागे धूर नाही! हिलरी त्याला यान म्हणायचा. यान म्हणे! या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पोचेतो माणसाचा चहा थंड व्हायचा.

त्याला पळायला जागा हवी म्हणून मला काढून वर वाशांना दोरीने बांधलं. मी वरून सगळं बघत होतो. शेजारची पोरं खोक्यासाठी टाळ्या पिटायची. हिलरी त्याला मऊ फडक्याने पुसायचा, चाकांना थेंब थेंब तेल द्यायचा. माझ्या कड्या कुरकुरतात म्हणून बेटी वर्षभर सांगत होती, तेव्हा मात्र या घरात तेल नव्हतं. माझा नुसता जळफळाट होत होता.

त्यातच हिलरीने ठरवलं की नोकरी सोडायची आणि यान घेऊन बंगलोरला शास्त्रज्ञांकडे जायचं. चर्चबाहेर चारचौघांत सांगूनही आला. घरात दोन लहान मुली होत्या आणि सगळं घर वालीवच्या पगारावर चालत होतं. बेटी भांडली नाही. तिने आपल्या भावाला, बेसिलला, बोलावून घेतलं. तो हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचा.

बेसिलने यान सरकताना पाहिलं आणि वाकून कोब्यावर हात फिरवला.

"भावोजी, हे जमिनीला ढकलतंय. एका बाजूचा झटका जोराचा, त्याला ते घसरतं. उलटा झटका हळू, तेव्हा जागेवर चिकटून राहतं. म्हणून पुढे जातं."

"जमिनीला नाय रे," हिलरी म्हणाला. "वस्तूला जडपणा येतो तो लांबच्या सगळ्या ताऱ्यांमुळे, असं मोठमोठी माणसं सांगतात. माझं यान ताऱ्यांना टेकून ढकलतं."

"एक पुढे जायचं तर दुसरं काहीतरी तेवढ्याच जोराने मागे जायलाच हवं. संवेग फुकट मिळत नाही. खालची जमीन काढून घेऊ, मग बघू तारे टेकू देतात का."

"जमीन काय गुंडाळून ठेवणार?"

बेसिलने मान वर केली आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"यावर ठेवू. यान एकसारखं ढकलत असेल तर झोपाळा पुढे जाऊन कललेलाच राहील. नुसतंच हलत असेल तर मूळ जागेभोवती मागेपुढे करील."

"आणि राहिला कललेला, तर मी उद्याच नोकरी सोडणार," हिलरी म्हणाला.

रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर मला खाली आणलं, टांगलं, आणि ते खोकं माझ्याच मांडीवर बसवलं! माझ्या पोटाखाली ओळंबा बांधला, त्याच्याखाली कोब्यावर खडूची खूण केली. ते नापास व्हावं असं मला मनापासून वाटत होतं, पण माझ्या हातात काय होतं? ढकललं तर मी जातो, नाही ढकललं तर जात नाही.

खोकं गुरगुरलं. ओळंबा खुणेच्या पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. मी बोटभरही कललेला राहिलो नाही. हिलरीने यान उलट्या तोंडाने ठेवून पाहिलं. पुन्हा तेच. मोटरला जळका वास यायला लागला तेव्हा त्याने बटण बंद केलं.

"म्हणजे तारे नाय," तो हळूच म्हणाला.

"अहो," बेटीने विचारलं, "उद्या डबा किती वाजता भरू?"

"रोजच्या वेळेला."

मी जिंकलो होतो. आता तो माझ्याकडे परत येईल, अशी माझी खात्री होती. पण हिलरी कामावरून आला की पायरीवर बसायचा, माझ्याकडे पाठ करून. खोकं मात्र खिडकीत होतं आणि तो त्याला अजून पुसत होता. हरलेल्याचे लाड आणि जिंकलेल्याकडे पाठ! त्या दिवसांत मी जितका जळलो तितका वाशांना बांधलेला असतानाही जळलो नव्हतो.

मग एकदा धाकटी माझ्यावर चढली आणि म्हणाली, "डॅडी, जोरात ढकल ना." हिलरी उठला. त्याने दोन्ही हातांनी मला रेटलं, आणि रेटताना त्याचा उजवा पाय कोब्यावर घट्ट रोवला गेला. त्याने त्या पायाकडे पाहिलं. "मी पण जमिनीलाच टेकून ढकलतोय की!" तो म्हणाला आणि इतक्या मोठ्याने हसला की बेटी आतून धावत आली. त्याने खिडकीतलं खोकं उचललं, मांडीवर घेतलं आणि माझ्यावर येऊन बसला.

पुढे जाणाऱ्याचं कौतुक सगळेच करतात, मित्रांनो. ज्याला टेकून तो पुढे गेला, त्याची आठवण कुणाला राहत नाही. ती तुम्ही ठेवा. आणि कधी कुणाचं स्वप्न तुमच्यावर ठेवून तोललं गेलं, तर जे खरं तेच दाखवा. पण त्यानंतर त्या माणसाला बसायला जागा द्या, त्याच्या मांडीवर ते मेलं खोकं असलं तरी.